लाइम रीजिसमध्ये राहून गेलेली माणसं

माघी:

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात लेकीला आणि आईला घेऊन लाइम रीजिसला चार दिवस राहून आले. तेव्हापासून एकच विषय डोक्यात घोळतोय, म्हणून हा धागा.

गाव इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेटच्या अगदी पश्चिम टोकाला. वस्ती पावणेचार हजारांच्या आसपास. १२८४ साली राजा पहिला एडवर्ड याने सनद दिली, तेव्हापासून ‘रीजिस’ म्हणजे राजाचं गाव. ब्रॉड स्ट्रीट हा मुख्य रस्ता उतरत उतरत थेट समुद्राला भिडतो. तिथे उभं राहिलं की उजव्या हाताला कॉब, म्हणजे बंदराला कवेत घेणारा वाकडा दगडी धक्का, आणि डाव्या हाताला करडे कडे. चुनखडीचा थर, मग मातकट शेल दगडाचा थर, पुन्हा चुनखडी, अशी चळत लागलेली. पावसाळी हिवाळ्यात हे कडे घसरतात आणि सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातले जीव दगड होऊन किनाऱ्यावर येऊन पडतात.

मी कोकणातली, सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर शिंपले वेचत मोठी झाले. इथे मुलं अमोनाइट, म्हणजे वेटोळ्या शंखासारखे जीवाश्म, वेचतात. लेकीला पहिल्याच सकाळी नखाएवढा एक सापडला, पायराइट या चमकदार खनिजाचा, ओला असताना पितळेसारखा चमकणारा. तिने तो तळहातावर उलटासुलटा केला आणि म्हणाली, “आई, हा तर आजीच्या देवातला!” बरोबरच होतं तिचं. माहेरच्या देवघरातला शाळिग्राम म्हणजे गंडकीच्या पात्रातला अमोनाइटच. गावातल्या रस्त्यावरचे दिव्यांचे खांबही त्याच वेटोळ्याच्या आकाराचे आहेत.

आता मुद्द्याचं. तारीख आहे १४ सप्टेंबर १८०४. त्या दिवशी इंग्रजी कादंबरीकार जेन ऑस्टिन लाइममध्ये भाड्याच्या खोलीत राहत होती आणि तिने बहिणीला, कॅसँड्राला, पत्र लिहिलं. ते पत्र आज उपलब्ध आहे. त्यात एका पेटीच्या तुटक्या झाकणाचा उल्लेख येतो. झाकणाची किंमत ठरवायला ॲनिंग नावाच्या गावातल्या माणसाला बोलावलं होतं. त्याने ५ शिलिंग सांगितले. जेनला ते भलतेच वाटले. खोलीतलं सगळं सामान मिळूनही तेवढ्या किमतीचं नाही, असं तिने बहिणीला कळवलं.

तो माणूस म्हणजे रिचर्ड ॲनिंग. धंद्याने सुतार, फावल्या वेळात कड्यांखाली जीवाश्म शोधून दुकानाबाहेर टेबल मांडून प्रवाशांना विकायचा. त्याच्या घरात तेव्हा पाच वर्षांची एक मुलगी होती, मेरी. ती सव्वा वर्षाची होती तेव्हा, १९ ऑगस्ट १८०० ला, एका एल्म झाडाखाली तिला कडेवर घेतलेल्या बाईवर वीज पडली. ती बाई आणि शेजारच्या दोघी जागीच गेल्या, मेरी तेवढी वाचली.

आणि त्याच दिवशी, त्याच १४ सप्टेंबर १८०४ ला, त्याच गावात एका माळ्याच्या घरी मुलगा झाला: जॉन गूल्ड, पुढे पक्ष्यांच्या चित्रग्रंथांसाठी जगभर नाव झालेला.

एवढ्याशा गावात एका दिवशी हे तिघे. आणि पत्र लिहिणारीला ठाऊक नव्हतं की ज्याच्या किमतीवरून आपण वैतागलोय त्याच्या मुलीचं नाव पुढे आपल्याच नावाशेजारी या गावात घेतलं जाणार आहे.

मेरीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण गावात फिरताना मला सतत तीच दिसत होती. १८१० मध्ये वडील गेले. आधीच क्षय, त्यात कड्यावरून पडण्याचं निमित्त झालं. मागे १२० पौंडांचं कर्ज. घर चर्चच्या गरीब-मदतीवर आलं. १८११ मध्ये थोरल्या भावाला, जोसेफला, चार फुटांची एक कवटी दिसली. वर्षभराने बारा-तेरा वर्षांच्या मेरीने उरलेला सांगाडा शोधून काढला. तो इक्थिओसॉर होता, माशासारख्या आकाराचा नामशेष समुद्री सरीसृप. जमीनदार हेन्ली यांनी २३ पौंड दिले. तोच नमुना १८१९ मध्ये ब्रिटिश म्युझियमने ४५ पौंड ५ शिलिंगांना घेतला. कवटी आजही लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये बघायला मिळते.

डिसेंबर १८२३ मध्ये तिला दुसऱ्या एका समुद्री सरीसृपाचा, प्लेसिओसॉरचा, पहिला संपूर्ण सांगाडा मिळाला. मान इतकी लांब की पॅरिसमध्ये बसलेल्या क्यूव्हिये या शास्त्रज्ञाला वाटलं, दोन प्राण्यांची हाडं जोडून फसवणूक केली आहे. फेब्रुवारी १८२४ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत त्यावर सभा झाली. सांगाडा खरा ठरला, क्यूव्हियेनेही चूक मान्य केली. सभेत मेरीचं नाव घेतलं गेलं नाही आणि बाई म्हणून तिला त्या दारातून आत जाताही आलं नसतं. त्या सोसायटीने बायकांना सदस्यत्व दिलं १९१९ मध्ये, ती गेल्याला ७२ वर्षं झाल्यावर.

हे वाचून मला जे वाटतं ते स्पष्ट लिहिते. नामवंत रहिवाशांच्या यादीत पाहुण्यांना आणि गाव सोडून गेलेल्यांना मान आधी मिळतो. ४७ वर्षांचं सगळं आयुष्य त्याच चिखलात, त्याच कड्याखाली काढलेल्या बाईला पुतळा मिळाला २१ मे २०२२ ला. तोही एका शाळकरी मुलीने ‘हिचा पुतळा का नाही?’ असं विचारून मोहीम सुरू केली म्हणून.

या गावातली आणखी माणसं कुणाला माहीत असतील तर जरूर लिहा.

शब्दखुणा:

माघीताई, फार सुंदर लिहिलंय. पेटीच्या झाकणाची गोष्ट वाचून अंगावर काटा आला. पण एक विनंती, ऑस्टिनला पाहुणी म्हणून बाजूला सारू नका. ती १८०३ च्या नोव्हेंबरात आणि पुन्हा १८०४ च्या उन्हाळ्यात तिथे होती. मिळून काही आठवडेच भरतील, हे मान्य. पण त्या काही आठवड्यांत तिने कॉबच्या पायऱ्या इतक्या नीट पाहिल्या की मृत्यूनंतर छापल्या गेलेल्या ‘पर्स्युएशन’ या कादंबरीत एका तरुणीचं तिथून पडणं हा सगळ्या कथेचा सांधा झाला. दोनशे वर्षं माणसं त्या पायऱ्या बघायला येतायत. गावात किती दिवस काढले, एवढ्यावरून रहिवासी ठरवायचं का?

माघी:

शब्दखुणा, तुमचं म्हणणं पटतं. त्या पायऱ्या मीही चढले. धक्क्याच्या भिंतीतून बाहेर आलेले नुसते दगडाचे दात आहेत, धरायला काही नाही, आणि वरचा धक्का समुद्राकडे चक्क कललेला. जेनने ते उगाच लिहिलं नाही हे पाय ठेवल्याबरोबर कळतं. माझी तक्रार तिच्याबद्दल नाही, याद्यांच्या क्रमाबद्दल आहे.

पक्षीवेडा:

गूल्डबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. तो लहान असतानाच घरच्यांनी लाइम सोडलं, वडील पुढे विंडसरला राजाच्या बागेत कामाला लागले. त्यामुळे जन्मापुरताच तो लाइमचा. पण आपल्याकडच्या पक्षीनिरीक्षकांना त्याचं नाव टाळता येत नाही. पक्ष्यांत पेंढा भरणं हा त्याचा मूळ धंदा. १८३० च्या सुमारास हिमालयातल्या पक्ष्यांची कातडी लंडनला त्याच्या हातात आली आणि त्यातून त्याने पहिला मोठा ग्रंथ काढला. ८० रंगीत चित्रपानं. ती चित्रं दगडावर उतरवली त्याच्या बायकोने, एलिझाबेथने. हिमालयात दिसणारा किरमिजी-पिवळा-निळा ‘मिसेस गूल्ड्स सनबर्ड’ आहे ना, आपल्या शिंजीरांचा भाऊबंद, तो तिच्या नावाचा. सिक्कीममध्ये लालभडक गुरासाच्या फुलावर हा पाहिला तेव्हा माझ्या हातातली दुर्बीण थरथरत होती.

एलिझाबेथ १८४१ मध्ये आठव्या बाळंतपणानंतर गेली, अवघी ३७ वर्षांची. नवऱ्याने नंतर चाळीस वर्षं ग्रंथ काढले.

आणि डार्विन! गलापागोसहून आणलेले पक्षी त्याने वेगवेगळ्या जातकुळींचे समजले होते. जानेवारी १८३७ मध्ये गूल्डने तपासून सांगितलं की हे सगळे एकाच गटातले फिंच आहेत, फक्त चोची वेगळ्या. त्या निदानाचं महत्त्व मी काय सांगावं!

टाकेटिपे:

या गावचा थॉमस कोरम कसा राहिला? जन्म लाइमचाच, १६६८ च्या आसपास. लहानपणीच आई गेली, अकरा-बारा वर्षांचा असताना समुद्रावर गेला. जहाजं बांधली, अमेरिकेत राहून आला, उतारवयात लंडनला आला. रस्त्याकडेला टाकून दिलेली बाळं, काही जिवंत काही मेलेली, रोज जाता-येता बघून त्याला चैन पडेना. सतरा वर्षं दारोदार फिरला. आधी कुणी दाद देईना, मग मोठ्या घरच्या बायकांनी अर्जावर सह्या केल्या आणि १७३९ मध्ये दुसऱ्या जॉर्ज राजाकडून टाकून दिलेल्या बाळांच्या आश्रमाची, फाउंडलिंग हॉस्पिटलची, सनद मिळाली. १७४१ च्या मार्चमध्ये पहिली बाळं घेतली. एवढ्या आया यायला लागल्या की पिशवीतून रंगीत गोळा काढायला लावायचे: पांढरा आला तर बाळ आत, काळा आला तर परत, लाल आला तर थांबा. मी दोन मुलांची आई आहे, हे वाचताना मला पुढचं वाचवेना.

मी शिवणकामातली, म्हणून हा भाग मला विशेष जवळचा. बाळ सोपवताना ओळख म्हणून कापडाचा तुकडा नोंदणीच्या कागदाला टाचून ठेवायचे, बहुतेकदा बाळाच्याच अंगावरच्या कपड्याचा. आई परत आली तर ओळख पटावी म्हणून. असे सुमारे पाच हजार तुकडे आजही जपलेले आहेत. गरीब बायकांचे रोजचे कपडे कुणी जपत नाही, म्हणून अठराव्या शतकातल्या साध्या छापील कापडाचा एवढा मोठा ठेवा दुसरीकडे कुठे नाही. त्यात १७६७ चा एक तुकडा आहे: ठिगळं जोडून केलेली पट्टी, त्यावर लाल दोऱ्याने भरलेलं बदाम, आणि ते बदाम मधोमध कापलेलं. अर्धं आईकडे. ती आई १७७५ मध्ये आपला मुलगा घेऊन गेली. आठ वर्षांनी! बहुतेकींना कधीच येता आलं नाही.

त्यांचं सुई धरणं मला ओळखता येतं. घाईत घातलेला टाका वेगळा दिसतो. हा घाईतला नाही.

माघी:

टाकेटिपे, हे वाचून बराच वेळ स्वस्थ बसून राहिले. धन्यवाद.

वरोरेकर:

माघीताई, तुम्ही मेरी ॲनिंगची एक महत्त्वाची गोष्ट लिहिली नाही आणि ती थेट आमच्या चंद्रपूर जिल्ह्यापर्यंत येते.

इक्थिओसॉरच्या पोटाच्या जागी सापडणारे वाटोळे दगड लोक औषधी खडे समजायचे. मेरीने ते फोडले. आत माशांची हाडं आणि खवले निघाले. म्हणजे ही विष्ठा, दगड झालेली. बकलंड या ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाने १८२९ मध्ये त्यावर लिहिलं आणि ‘कोप्रोलाइट’ हे नाव दिलं. ते नाव आज सगळं जग वापरतं.

आता वरोऱ्याजवळचं आमचं पिसदुरा. १८५९-६० च्या सुमारास नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप यांनी तिथल्या जीवाश्मांकडे लक्ष वेधलं. सहा-सात कोटी वर्षांपूर्वीच्या मोठ्या, लांब मानेच्या डायनोसॉरची हाडं तिथे मिळतात आणि सोबत असंख्य कोप्रोलाइट. नांगरटीनंतर शेतात बटाट्यासारखे पडलेले मी लहानपणी पाहिलेत, आम्ही ते एकमेकांना फेकून मारायचो. याच कोप्रोलाइटांमध्ये गवताचे सूक्ष्म सिलिकाकण सापडले आणि २००५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. तोपर्यंत डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतं असंच धरून चालायचे. पिसदुऱ्याने ते बदललं. पण लाइमच्या त्या मुलीने खडा फोडून आत पाहिलं नसतं तर पिसदुऱ्याच्या खड्यांकडे तरी कुणी त्या नजरेने कधी पाहिलं असतं? कुणीतरी पाहिलं असतंच म्हणा, पण पहिली ती.

गावाकडे आलात तर दाखवीन. फक्त उचलून नेऊ नका, एवढी विनंती सगळ्यांनाच.

माघी:

वरोरेकर दादा, नक्की येणार. लेक आत्ताच मागे लागली आहे.

कोप्रोलाइटवरून शाईची गोष्ट आठवली. लाइमला १८०५ मध्ये फिलपॉट आडनावाच्या तीन अविवाहित बहिणी राहायला आल्या. त्यातली एलिझाबेथ मेरीपेक्षा वीस वर्षांनी मोठी, चांगल्या खात्यापित्या घरची. तरी दोघी एकत्र किनाऱ्यावर जायच्या. एलिझाबेथने मेरीला भूगर्भशास्त्राची पुस्तकं वाचायला लावली. बेलेम्नाइट म्हणजे माकूळसारख्या प्राण्याचा जीवाश्म, त्यात मेरीला वाळलेल्या शाईची पिशवी सापडली. एलिझाबेथने ती पूड पाण्यात कालवली आणि त्याच शाईने इक्थिओसॉरच्या कवटीचं चित्र काढलं. जो प्राणी मरून वीस कोटी वर्षं झाली त्याची शाई, आणि चित्र त्याच समुद्रातल्या दुसऱ्या प्राण्याचं. मी माकूळ साफ करताना हात काळे करून घेतलेले आहेत, त्यामुळे ती पिशवी कशी दिसते ते माझ्या डोळ्यांसमोर अगदी स्पष्ट आहे.

स्विस शास्त्रज्ञ अगासी १८३४ मध्ये लाइमला येऊन गेले. मेरी आणि एलिझाबेथ दोघींनी त्यांना माशांचे जीवाश्म दाखवले आणि त्यांनी दोघींच्या नावांवरून माशांच्या जातींना नावं दिली. मेरीच्या हयातीत तिचं नाव एखाद्या जातीला देणारा हा परदेशी माणूस होता, हेही नोंदवून ठेवते.

भट्टीवाला:

दोन नावं माझ्याकडून, दोन्ही भट्टीशी संबंधित.

एलिनॉर कोड. १७६९ मध्ये लंडनच्या लँबेथला कृत्रिम दगडाचा कारखाना घेतला आणि पन्नास वर्षं स्वतः चालवला. लग्न केलं नाही. तिचा ‘कोड स्टोन’ म्हणजे खरं तर भाजलेली माती: पांढरी चिकणमाती, त्यात आधीच भाजून कुटलेल्या मातीचा चुरा, गारगोटी, काचेची पूड, आणि भट्टीत चार दिवस. चुरा घातल्यामुळे भाजताना वस्तू फार आकसत नाही, हे तिचं खरं कौशल्य. मी स्वतः सिरॅमिकमध्ये वीस वर्षं काढली, माणसापेक्षा मोठी मूर्ती तडा न जाता चार दिवस एका तापमानावर धरणं काय असतं ते मला विचारा, तेही लाकूड-कोळशाच्या भट्टीत. लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलाजवळचा तो मोठा सिंह याच दगडाचा, १८३७ चा, आणि आयाळीतली एक बटसुद्धा झिजलेली नाही. लाइममधलं बेलमाँट हे घर तिला काकांनी १७८४ मध्ये दिलं. दर्शनी भागावर तिच्याच दगडाची नक्षी आहे.

दुसरे पर्सी गिलख्रिस्ट, जन्म लाइमचा, १८५१. मावस-आते जे काही नातं असेल ते, पण त्यांच्या भावाबरोबर, सिडनी थॉमसबरोबर, १८७० च्या दशकात त्यांनी पोलादातला फॉस्फरस काढून टाकायची रीत बसवली. भट्टीला आतून चुनखडीच्या जातीच्या दगडाचं अस्तर. त्यामुळे हलक्या प्रतीचं लोहखनिजही पोलादासाठी चालायला लागलं.

शब्दखुणा:

भट्टीवाले, बेलमाँटचा पुढचा रहिवासी सांगायचा राहिला की! कादंबरीकार जॉन फाउल्झ १९६८ पासून २००५ मध्ये जाईपर्यंत त्याच घरात होते. त्यांची १९६९ ची सर्वांत गाजलेली कादंबरी, ‘द फ्रेंच लेफ्टनंट्स वुमन’, लाइममध्येच घडते. कॉबच्या टोकाशी काळ्या झग्यातली बाई उभी असलेलं तिच्यावरच्या चित्रपटातलं दृश्य अनेकांना आठवत असेल. पण मला जास्त आवडतं ते हे, की एवढं नाव झाल्यावरही १९७९ ते १९८८ त्यांनी गावच्या संग्रहालयाचं काम मानद क्युरेटर म्हणून केलं. आणि ते संग्रहालय उभं आहे मेरी ॲनिंगचं घर जिथे होतं त्याच जागेवर.

गोदाकाठ:

सर जॉर्ज सोमर्स पण लाइमचे. जन्म १५५४, गावाचे महापौर आणि खासदारही झाले. १६०९ मध्ये अमेरिकेतल्या वसाहतीकडे निघाले, वादळात जहाज बर्म्युडाच्या खडकांवर चढलं, दीडशेच्या आसपास माणसं, सगळी वाचली. नऊ-दहा महिन्यांत तिथल्याच झाडांच्या लाकडाची दोन जहाजं बांधून पुढे गेले. १६१० मध्येच पुन्हा बर्म्युडाला आले आणि तिथेच वारले. काळीज तिथे पुरलं, देह डॉर्सेटला परत आणला.

पुढच्या महिन्यात आम्ही तिघं जाणार आहोत, सोबत सासूबाई, गुडघे दुखतात. माघीताई, काय बघावं, कधी जावं?

माघी:

गोदाकाठ, सासूबाईंना ब्रॉड स्ट्रीटचा चढ त्रास देईल, त्यामुळे राहायची जागा खालीच बघा. कॉबवर खालच्या धक्क्यावरून चाला, वरचा कललेला आहे आणि ओला असला तर पाय ठरत नाही. पुतळा समुद्रालगतच्या सपाट वाटेवर आहे. मेरी हातोडी घेऊन झपझप निघालेली, झग्याच्या घेरावर जीवाश्म कोरलेले, शेजारी तिचा ट्रे नावाचा कुत्रा. १८३३ मध्ये दरड कोसळून तो तिच्या पायांशीच गाडला गेला होता. मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रात ती म्हणते, तुम्ही हसाल कदाचित, पण त्याच्या जाण्याने मी पार हलून गेले, माझ्यात आणि त्या मरणात क्षणाचंच अंतर होतं.

सेंट मायकल चर्चच्या आवारात तिची आणि जोसेफची कबर एकत्र आहे. येणारे-जाणारे त्यावर शिंपले, छोटे अमोनाइट ठेवतात. चर्चमध्ये तिच्या स्मरणार्थ रंगीत काचेची खिडकीही आहे, १८५० ची.

जीवाश्म शोधायला मुलांना घेऊन जाणार असाल तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी बघा. सुकती सुरू झाली की निघायचं आणि पाणी परत चढायच्या आत गावात यायचं, कारण कडा आणि समुद्र यांच्या मधे पळायला जागा नाही. कड्याच्या अगदी बुडाशी बसू नका. कड्यावर हातोडी चालवायची नाही, खाली सुटे पडलेले दगड तेवढे बघायचे. पश्चिमेच्या बाजूला, कॉबच्या पलीकडे, ओहोटीत एक मोठा सपाट खडक उघडा पडतो, त्यात गाडीच्या चाकाएवढे अमोनाइट रुतलेले आहेत. ते उचलायचे नसतात. सासूबाईंना तिथवर दगडांतून चालणं अवघड जाईल, त्यांना कॉबवर चहा देऊन बसवा. आमच्या आईलाही तसंच बसवलं होतं. परत आलो तेव्हा लेकीने तिच्या तळहातावर तो पितळी अमोनाइट ठेवला, आईने तो पदराने पुसला आणि कपाळाला लावला.